सहमची ठेव

डॉक्टर जोहरा प्रश्न विचारत होत्या जयप्रकाशना आणि उत्तरं देत होते बाकीचे तिघे.

सबनिसांकडे हे असंच चालतं. "नींद ठीक आती है?" असं डॉक्टरांनी विचारलं, तर जयप्रकाशची बायको विद्या म्हणाली, "हां हां, एकदम." भूक कशी आहे, तर सूनबाई उत्तरा म्हणाली, "थोडी कम है, पर मैं सूप देती हूँ." कुठे पडलात का, तर निशांतने वडिलांच्या डाव्या कोपराकडे बोट दाखवून बाथरूममधला तो सगळा प्रसंग, त्या सकाळी कुणाची आंघोळ आधी झाली होती इथपासून, सांगितला. खुद्द जयप्रकाश मधल्या खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. तपासणी दुसऱ्याच कुणाची तरी चालली आहे आणि आपण नुसते सोबतीला आलो आहोत, असा त्यांचा चेहरा.

खिडकीबाहेर आखातातल्या अल हैलचा समुद्र होता, म्हणजे असावा. ऑक्टोबरच्या त्या धुरकट सकाळी पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. एक होडी मधेच कुठेतरी, धड पाण्यात नाही धड हवेत नाही, टांगून ठेवल्यासारखी दिसत होती. विद्या त्या होडीकडे बघत बघत डॉक्टरांचं माप घेत होती. माणसांची नोंद ठेवायची तिची जुनी सवय. कोण काय बोललं, कधी बोललं, आणि बोलायचं असून कोण गप्प बसलं, हे तिच्या डोक्यात तारीखवार असायचं. डॉक्टरबाई पस्तिशीच्या, डोक्यावरचा रुमाल चापूनचोपून बांधलेला, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. म्हणजे समोरच्याला कळू न देता वेळ बघणारी. अशा माणसापुढे जरा जपूनच.

"फार खोलात शिरायची सवय दिसते यांना," ती उत्तराच्या कानाशी पुटपुटली.

"सॉरी आजी, मराठी समजतं मला थोडं," कॉम्प्युटरवरची नजर न काढता डॉक्टर म्हणाल्या. "पाच वर्षं पुण्याला होते. शिकायला."

विद्याने आधीची नोंद खोडली आणि नवी केली: ही बाई ऐकून घेते आणि शेवटी सांगते.

"आता घराचे प्रश्न," डॉक्टर म्हणाल्या. "गॅस कोण बंद करतं? बाथरूममध्ये धरायला दांडी आहे? औषधं कुठे ठेवता, कुलपात की उघडी?" तिघांनी वाटून घेऊन उत्तरं दिली. "घर में कोई बंदूक?"

कोपऱ्यात उभी असलेली नर्स उजमा जरा पुढे झाली. "मॅडम, इंडियन फॅमिली है. इंडियन फॅमिली में वो लाइन हम छोड़ देते हैं. मैंने 'नो' कर दिया है."

"मी नाही सोडत," डॉक्टर म्हणाल्या. "सगळ्यांना विचारते."

निशांत हसला. "डॉक्टर, बंदूक कसली? आमच्याकडे सुरीला धार नसते. आई टोमॅटो हातानं कुस्करते."

"आहे," जयप्रकाश म्हणाले.

वीस मिनिटांतला त्यांचा तो पहिला शब्द. बोलले तेही होडीकडे बघत.

"बाबा, त्या विचारतायत, बंदूक. गन."

"कळलं मला. आहे. म्हणजे आता घरात नाही. पण आहे."

डॉक्टरांनी कीबोर्डवरचे हात उचलले. खुर्ची वळवली आणि त्या सकाळी पहिल्यांदाच सरळ जयप्रकाशकडे बघितलं. मग अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "तुम्ही तिघं बाहेर बसा जरा. उजमा, इनको चाय पूछो."

*

बाहेरच्या निळ्या खुर्च्यांवर सबनीस कुटुंबाच्या दोन फळ्या झाल्या. एकीकडे विद्या आणि निशांत, समोर उत्तरा.

"विसरायला लागलेत बाबा," निशांत म्हणाला. "हे त्यातलंच. कुठल्या तरी सिनेमातलं डोक्यात आलं असेल."

"त्यांचं डोकं तुझ्यापेक्षा चांगलं आहे," विद्या म्हणाली. तरी ती मुलाच्याच बाजूला बसून राहिली, कारण ती बाजू सोयीची होती. मुलगा म्हणतो ते खरं असेल तर बंदूक नव्हती.

"ते हसले नाहीत," उत्तरा म्हणाली. ती इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवते. पोरांनी खरं सांगितलं की थाप मारली हे तिला वहीकडे न बघता कळतं, असं तिचं म्हणणं. "खोटं किंवा चुकून बोलले असते तर आपल्याकडे बघितलं असतं त्यांनी."

पंचवीस मिनिटांनी उजमाने एकट्या विद्याला आत बोलावलं.

जयप्रकाश त्याच खुर्चीत होते. डोळे ओले होते की खिडकीतला उजेड होता, ते विद्याला ठरवता येईना. डॉक्टर म्हणाल्या, "अंकल, सांगता ना?"

"विद्या," जयप्रकाश म्हणाले, "दसऱ्याला तू जिला हळदकुंकू लावतेस ना, ती तिपाई नाही."

आता याला काय म्हणावं? सबनिसांच्या घरी दसऱ्याला चौरंगावर ज्याची त्याची हत्यारं मांडतात. निशांतचा लॅपटॉप, उत्तराचा मोठा लाकडी कंपास, नात सावनीची पेन्सिलची पेटी, गाडीची किल्ली, विळी. आणि भिंतीला टेकवून, लाल कापडात गुंडाळलेली, सुतळीने पाच ठिकाणी बांधलेली, जयप्रकाशची तिपाई. जयप्रकाश सर्व्हेअर. ज्या तिपाईवर दुर्बीण ठेवून त्यांनी अख्ख्या बातिना किनाऱ्याचे रस्ते मोजले, तीच ही, असं कुणीतरी केव्हातरी म्हटलं आणि घरानं ते धरून ठेवलं. कोण म्हणालं होतं? विद्याने तिथेच बसून आठवलं. तीच म्हणाली होती. जयप्रकाशनी नुसतं 'नाही' म्हटलं नव्हतं. एकोणीस दसरे तिने त्या कापडाला कुंकू लावलं, झेंडू वाहिला, आपट्याची पानं नाहीत म्हणून दारातल्या कडुनिंबाची पानं वाहिली. सावनी दोन वर्षांची असताना त्याला टेकून बसवून तिचा फोटो काढला, तो फोटो फ्रीजवर आहे.

यंदा तिपाई पूजेला नव्हती. "राहू दे," एवढंच म्हणाले होते. गुडघ्यांमुळे ती वरून काढायला स्टुलावर चढवत नसेल, अशी नोंद करून विद्याने तो विषय मिटवून टाकला होता.

"कुठाय ती आता?" तिने विचारलं.

"दयानंदकडे. दसऱ्याच्या आधी आठ दिवस दिली."

डॉक्टरांनी तिला गोळ्यांची चिठ्ठी दिली आणि तीन गोष्टी सांगितल्या. मंगळवारी परत या. तोवर यांना एकटं सोडू नका. आणि ती वस्तू, जिथे आहे तिथून तुमच्यापैकी कुणी हलवायची नाही. ज्याची आहे त्याला कळवा, तो त्याच्या पोलिसांना घेऊन येईल.

"आमच्याकडे, इथल्या लोकांत, घराघरात असते, आजी," त्या म्हणाल्या. "आजोबांची, पणजोबांची. लग्नात हातात धरून नाचतात. म्हणून मी विचारते. माणूस वाईट नसतो. दिवस वाईट असतो. त्या एका दिवशी ती हाताशी नसावी, एवढंच."

विद्याने मान हलवली. समजल्यासारखी.

*

दयानंद हा विद्याच्या माहेरचा, कुडाळकडचा. तिच्या चुलतभावाचा मुलगा. अल अमेरातला एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये सुतार होता आणि तीन जणांत एक खोली करून राहत होता. घरी पोचल्या पोचल्या निशांतने त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. जयप्रकाश सोफ्यावर बसले. शाळेतून आलेली सावनी दप्तर पाठीवर तसंच ठेवून दारात उभी.

"काय गो आत्ये," दयानंदचा आवाज आला. मागे करवत चालू होती.

"दया, काकांनी तुका काय ठेवूक दिल्यानी?"

"ती तिपाय मा? कपाटार ठेवलंय."

"उघडलंस काय?"

"छ्या. देवाची वस्तू ती. दसऱ्याक मी तेका हार घातलंय. खोलयेतल्या शिरीषान उदबत्ती लावल्यान."

"आता कशी हा?"

"बरी हा." जरा थांबून, प्रामाणिकपणे, "शिरीषचो टॉवेल सुकत घातललो हा तेच्यार."

"दया, ती बंदूक आहे," निशांत फोनवर वाकून म्हणाला.

करवत थांबली. 

"आत्ये," शेवटी दयानंद म्हणाला, "टॉवेल काढू की नको?"

सावनीला हसू फुटलं. "आजोबांकडे रिअल गन होती? लाइक, खरी?" तिला उत्तराने आतल्या खोलीत पाठवलं.

विद्याने दयानंदला बजावलं की कशाला हात लावू नकोस, कुणाला काही सांगू नकोस, खोलीला कुलूप घाल. फोन बंद झाला आणि निशांत उभाच राहिला.

"खलास करू या हे," तो म्हणाला. "दया आज पिकअप घेऊन जाईल, एखाद्या वादीच्या कोरड्या पात्रात लांब टाकून देईल. विषय संपला. कळतंय का तुम्हाला, काय होऊ शकतं? माझी नोकरी, तुमचे दोघांचे व्हिसा, हिची शाळा. आणि तो दया, त्याला तर उद्याच्या विमानात बसवतील. विमानात बसवलं तर नशीब."

"टाकायची नाही," जयप्रकाश म्हणाले. "ठेव आहे ती."

"कुणाची?"

मग जयप्रकाशनी सांगितलं. मार्च महिन्यापासून ते सलग इतकं बोलले नव्हते. म्हणून विद्याने मधे एक शब्द घातला नाही, आणि हे तिला चांगलंच जड गेलं.

सांगितलं ते असं. सहम गावचा अर्बाब, म्हणजे मालक, हमूद, ज्याच्या कंपनीत जयप्रकाश तेव्हा रस्त्याच्या कामावर होते. त्याची दोन मुलं. एका पावसात वादी भरून आली आणि दोघं भाऊ गाडीसकट वाहून गेले. गाडी धाकटा, खलफान, चालवत होता. तो पोहून बाहेर आला. थोरला नाही आला. त्यानंतर खलफान लिंबाच्या बागेत जाऊन बसायचा, जेवायचा नाही, कुणी बोललं तर बघायचा. एका संध्याकाळी जयप्रकाश नकाशावर सही घ्यायला गेले, तेव्हा म्हाताऱ्याने भिंतीवरची बापजाद्यांची बंदूक काढून, आपल्या बायकोच्या लाल कापडात गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली. दुर्बिणीच्या शेजारी. म्हणाला, "जेपी, ये अभी मेरे घर में नहीं चाहिए. तेरे घर में कोई नहीं ढूँढेगा. मैं माँगूँगा तब दे."

"आणि मग?" उत्तराने विचारलं.

"मागितली नाही. सहा वर्षांनी गेला तो."

"मग खलफानला द्यायची ना बाबा. त्याच वेळी," निशांत म्हणाला.

"काय सांगून देऊ? बापानं ही तुझ्यापासून लपवली होती, असं? ते सांगायचं बापाच्या हातात होतं, माझ्या नाही." जयप्रकाश थांबले. बाहेर दुपार इतकी पांढरी होती की पडदा लावलेला असूनही त्यांचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. "शिवाय तो बरा झाला. लग्न झालं, होड्या घेतल्या, तीन मुली आहेत. ईदला फोन करतो. त्याला कशाला ते आठवून द्यायचं?"

"बरं, एकोणीस वर्षं ठेवली," निशांत म्हणाला. "मग आता दयाकडे का दिली? आत्ता काय झालं?"

"मला ती घरात नको होती."

"एकोणीस वर्षं चालली आणि आता नको?"

"आता नको," जयप्रकाश म्हणाले आणि कोपरावरची पट्टी सारखी करू लागले.

उत्तरा उठून स्वयंपाकघरात गेली. विद्याने तिला जाताना पाहिलं. अशी मधेच उठून जाणारी मुलगी ती नाही, म्हणून विद्याही मागोमाग गेली. सून ओट्याशी पाठमोरी उभी होती, नळ उघडा होता आणि खाली भांडं नव्हतं.

"आई," ती न वळता म्हणाली, "त्या अर्बाबनं ती घरातून का काढली, ते सांगितलं ना बाबांनी?"

"पोरासाठी."

"मग बाबांनी का काढली?"

"सावनीसाठी. मुलगी मोठी होतेय, उचकापाचक करते..." विद्या बोलता बोलता थांबली. सावनी अकरा वर्षांची होती, आणि उचकापाचक ती तीन वर्षांची असल्यापासून करत होती.

उत्तराने नळ बंद केला.

 झोप एकदम छान लागते, असं सकाळी विद्याच म्हणाली होती ना? कितीतरी पहाटे तिच्या शेजारची जागा गार असायची आणि हॉलमधल्या खुर्चीत कुणीतरी नुसतं बसलेलं असायचं. ते सगळं तिने पाहिलं होतं आणि 'म्हातारपण' या एका शब्दाखाली लिहून ठेवलं होतं. घरातल्या प्रत्येकाचं बारीकसारीक टिपणाऱ्या बाईने नवऱ्याचे सात महिने एका शब्दात गुंडाळले होते आणि वर सुतळी बांधली होती.

ती हॉलमध्ये परत आली ती सुनेच्या बाजूने.

"वादीत काही टाकायचं नाही," ती निशांतला म्हणाली. "ज्याची त्याला जाईल."

"आई, तू तरी..."

"तू गप बस जरा." तिने जयप्रकाशचा फोन टेबलावरून उचलला, त्यातलं खलफानचं नाव काढलं आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला. "बोला. मी नाही बोलणार तुमच्याऐवजी."

जयप्रकाश फोनकडे बघत राहिले. एसीची घरघर, शेजारच्या इमारतीवरून येणारी अजान, आणि आतल्या खोलीत सावनी मैत्रिणीला इंग्रजीत काहीतरी दबक्या आवाजात सांगत होती तिचा आवाज, असं सगळं एकमेकांत मिसळलं. मग त्यांनी हिरवं बटण दाबलं. अरबीत बोलले. थोडंच. 'तुझ्या बापाची एक वस्तू' एवढं विद्याला कळलं. शेवटी खलफान काहीतरी म्हणाला.

"काय म्हणाला?" निशांतने विचारलं.

"त्याचा मेव्हणा पोलिसात आहे. कागद बापाच्या नावावर घरात आहेत म्हणे. दोघं मिळून अल अमेरातला जाऊन घेऊन येतील." जयप्रकाशनी फोन उलटा ठेवला. "आणि शुक्रवारी जेवायला बोलावलंय. सगळ्यांना."

"रागावला का?"

"कळलं नाही."

*

शुक्रवारी सावनीला मैत्रिणीकडे सोडून ते निघाले तेव्हा धुकं इतकं होतं की बातिनाचा महामार्ग गाडीच्या पुढे तयार होत होता आणि मागे पुसला जात होता. जयप्रकाश काचेला कपाळ टेकून बसले होते. हा रस्ता नव्हता तेव्हाची वाळू त्यांनी पाहिली होती. सुवेकच्या पुढे एका वळणावर ते म्हणाले, "इथं सरळ जायचं होतं, पण मधे कुणाची तरी विहीर होती." पुन्हा गप्प झाले. विद्याला वाटलं, ते रस्त्याने चाललेलेच नाहीत. त्याच्याखालच्या, रस्त्याआधीच्या कुठल्यातरी मऊ जमिनीवरून चालले आहेत आणि गाडी आपली वरून त्यांच्यासोबत जाते आहे. आपण तरी भानावर राहावं म्हणून तिने त्यांच्या बाहीचं बटण लावलं. ते आधीच लागलेलं होतं.

खलफान दारात उभा होता. पंचेचाळिशीचा, रुंद, दाढीत पांढरे केस. "तफद्दल, जेपी अंकल, तफद्दल." त्याने जयप्रकाशच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि हात सोडला नाही. दयानंदला त्रास झाला नाही, हे त्याने पहिल्यांदा सांगितलं. मेव्हण्याने पंचनाम्यासारखं काहीसं लिहून घेतलं, दयानंद खोलीबाहेर उभा राहून तीनदा पाणी प्यायला, संपलं. निशांतने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला.

मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, गाद्यांवर बसून जेवण झालं. मोठ्या परातीत भात आणि सबंध सुरमई. हाताने काटे काढून खलफान जयप्रकाशच्या पुढ्यात तुकडे सरकवत होता. बायका आत बसायच्या खऱ्या, पण खलफानची बायको हिबा म्हणाली, मेहमान घरचे आहेत, आणि विद्या-उत्तराला तिथेच बसवलं. जेवण झाल्यावर हिबाने धुऊन, इस्त्री करून चौकोनी घडी केलेलं लाल कापड आणून विद्यासमोर ठेवलं. कुंकवाचे डाग गेले नव्हते.

"ये क्या है?" तिने डागांवर बोट ठेवून विचारलं. "हमने सोचा खून."

"पूजा," विद्या म्हणाली. "हर साल. हमको मालूम नहीं था अंदर क्या है."

हिबाने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने जयप्रकाशकडे, आणि मग तो बंदुकीचा मालक असा काही हसायला लागला की त्याला टोपी धरावी लागली. निशांतही हसला. जयप्रकाश हसले नाहीत.

"खलफान," ते हिंदीत म्हणाले, बहुधा सगळ्यांना कळावं म्हणून, "तेरे बाप ने मुझे क्यूँ दी थी, वो मुझे तुझको बताना है."

निशांतचं हसू अर्ध्यावर राहिलं. नका सांगू, असं विद्याच्या ओठांवर आलं होतं. तिने ते कहव्याच्या घोटाबरोबर आत घेतलं.

"मालूम है," खलफान म्हणाला.

त्याने दल्ल्यातून, चोचीच्या त्या किटलीतून, जयप्रकाशच्या छोट्या पेल्यात कहवा ओतला. घाई न करता, काठोकाठ न भरता.

"उस दिन मैंने पूरा घर ढूँढा, अंकल. मजलिस, माँ का संदूक, खजूर का गोदाम, सब. नहीं मिली. बहुत ढूँढा. इतना ढूँढा कि थक गया. माँ बोली, क्या ढूँढता है? मैं क्या बोलता? मैं बोला, भूख लगी है. कितने दिन के बाद बोला. वो इतनी खुश हो गई... कुछ बना हुआ नहीं था. सूखी मछली भूनी, प्याज काटा. मैंने खाया. फिर सो गया." त्याने खांदे उडवले. "दूसरे दिन फिर बुरा था. लेकिन वो दूसरा दिन था."

हिबाला हे माहीत होतं, असं तिच्याकडे बघून विद्याला वाटलं.

"बाबा को मालूम था कि मुझे मालूम है. हम दोनों कभी बोला नहीं," खलफान म्हणाला. "आप इतना साल उसको संभाला. मैं सोचता था, किधर फेंक दिया बुड्ढे ने." मग आवाज उतरवून, "लेकिन अंकल, आपने दयानंद को क्यूँ दिया? आपके घर में क्या हुआ?"

प्रश्न तोच होता. डॉक्टरांनी विचारलेला, निशांतने विचारलेला. पण हा विचारणारा त्याचं उत्तर स्वतः जगून आला होता. जयप्रकाशनी पेला खाली ठेवला. त्यांनी खलफानकडे बघितलं आणि खलफानने मान हलवली, जणू उत्तर मिळालं. त्याने पुढे काही विचारलं नाही. जयप्रकाशचा हात आपल्या हातात घेऊन तो बराच वेळ नुसता बसून राहिला, आणि त्या खोलीत विद्याला पहिल्यांदाच नवऱ्याच्या बाजूला बसण्याची मत्सरासारखी काहीतरी तहान लागली.

*

परतताना धुकं गेलं होतं. समुद्र उजेडात पडून होता. खाबूरा मागे पडलं तेव्हा जयप्रकाश म्हणाले, "मला बरं वाटत नाही, विद्या."

निशांतने आरशात बघितलं. "गाडी थांबवू का बाबा? जेवण जड झालं असेल..."

"तू चालव," विद्या म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "कधीपासून?"

"मार्चपासून. एक दिवस उठलो आणि दात घासायचा कंटाळा आला. तिथून सुरू झालं."

पुढच्या सीटवर उत्तरा हलली नाही. विद्याच्या तोंडात शंभर वाक्यं आली. अहो सगळ्यांनाच येतो कंटाळा, व्हिटॅमिन कमी असेल, रिटायर झाल्यावर होतंच असं. तिने एकही बाहेर सोडलं नाही. त्याऐवजी जे विचारायची तिला भीती वाटत होती तेच विचारलं.

"तुम्ही ती उघडली होतीत?"

बाहेरून खजुराची झाडं जात होती, एकसारखी, एकामागून एक, झोपेत मोजावीत तशी.

"एक गाठ सोडली होती," जयप्रकाश म्हणाले. "वरची. दुसरी सोडत होतो. तेवढ्यात तू चहाला हाक मारलीस."

"मग?"

"मग आलो. चहा प्यायलो. तू शेजारच्यांच्या पार्किंगचं काहीतरी सांगत होतीस. खूप वेळ सांगत होतीस." त्यांनी बाहीचं बटण काढून पुन्हा लावलं. "ते संपल्यावर दयानंदला फोन केला."

विद्याने त्यांचा हात धरला. तळहातावर अजून कहव्याचा, वेलदोड्याचा वास होता. तिने तो हात आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी झाकला.

"पुढे सांगा," ती म्हणाली.

"पुढे म्हणजे... ते मोठं आहे."

"असू दे."

जयप्रकाश सांगू लागले. स्टिअरिंगशी निशांतने एका हाताने डोळे पुसले, इंडिकेटर लावला आणि गाडी उजवीकडच्या सावकाश लेनमध्ये घेतली. एकशे वीसवरचा काटा ऐंशीवर आला. बातिनाचे ट्रक हॉर्न देत शेजारून पुढे निघून गेले आणि अल हैल अजून पुष्कळ लांब होतं.